पडद्यामागचं इंग्रजी

माझ्या चुलत बहिणीला खुर्ची मिळाली आणि मला गोणपाट. आम्हां दोघींच्या इंग्रजीत जो फरक पडला तो इथून पडला, असं माझं तेव्हा मत होतं आणि आजही त्यात फारसा बदल झालेला नाही.

भाताची मळणी उरकली की गावाबाहेर काकांच्या शेतात सिनेमाचा तंबू लागायचा. रेवसच्या धक्क्याकडे जाणारा रस्ता त्या शेताला लागूनच होता, त्यामुळे धक्क्यावरचे हमाल, मिठागरांवरचे मजूर, आसपासच्या वाड्यांमधली कुटुंबं, सगळ्यांना ती जागा सोयीची पडे. वाटणीत रस्त्याकडचं शेत काकांना गेलं होतं आणि खाडीकडचं, भरतीचं पाणी शिरणारं, आमच्या वडिलांना. त्यामुळे वडील मिठागरावर मुकादमी करत आणि काका तंबूचे मालक म्हणवून घेत. तंबू खरं तर दुसऱ्याच माणसाचा होता, पण जमीन ज्याची त्याचा मान. तो मान म्हणजे पडद्यासमोर पहिल्या रांगेत तीन लाकडी खुर्च्या. एक काकांची, एक त्यांच्या मुलाची, तिसरी काकूची. काकूचं अंधारात डोकं दुखायचं. त्यामुळे तिसरी खुर्ची तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या चुलत बहिणीला मिळाली.

बाकीच्या बायकांची जागा पडद्याच्या मागे. पुरुष समोर, बायका मागे, अशी आमच्याकडची पद्धत होती आणि तिच्यात कोणाला वावगं वाटत नसे. खेळ सुरू होण्याआधी तंबूवाल्याचा माणूस बादली घेऊन यायचा आणि पडद्यावर पाणी शिंपडायचा. ओल्या कापडातून चित्र मागच्या बाजूलाही चांगलं उमटतं. मागून दिसणारं चित्र अर्थातच उलटं. मराठी सिनेमातल्या सगळ्या बायकांचा पदर आम्हांला उलट्या खांद्यावर दिसायचा. पहिल्या वर्षी म्हाताऱ्या त्यावर हसल्या, पुढे सवय झाली आणि कोणी त्याकडे पाहीनासं झालं. घरून आणलेलं गोणपाट अंथरायचं, पोरांना मांडीवर घ्यायचं, शेंगा सोलायच्या आणि तोंडाने सिनेमाला उत्तरं देत बसायचं.

बाजाराच्या दिवशी मराठी किंवा हिंदी खेळ असे. मधल्या वारांना तंबूवाला इंग्रजी लावायचा, कारण त्या जुन्या रिळांना कोणी विचारत नसे. पण इंग्रजीतही त्याची निवड ठरलेली होती. माणसं नुसती कोचावर बसून बोलायला लागली की पब्लिक उठून जातं आणि राक्षस असला की बसून राहतं, हा त्याचा अनुभव. त्यामुळे आमच्याकडे सगळे विज्ञानाचे सिनेमे आले. आकाशातून काहीतरी पडतं, समुद्रातून काहीतरी वर येतं, काचेच्या भांड्यात ठेवलेलं काहीतरी सकाळपर्यंत घराएवढं होतं. कथा समजावून सांगायला तंबूवाल्याचा एक माणूस भोंगा घेऊन पडद्याशेजारी उभा राही. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण त्यामुळे त्याचं काही अडलं नाही.

"हा पांढरा कोटवाला मोठा मांत्रिक," तो सांगायचा. "याच्या नळीत समुद्राचा राक्षस कोंडलाय. आता बघा, ही बया झाकण उघडणार."

"नको गो उघडू," पडद्यामागून एखादी ओरडायची.

"उघडलंन. सांगितलेलं ऐकतील तर त्या बाया कसल्या," तीच पुढे म्हणायची.

त्यावर दुसरी म्हणायची, "तुझ्या सुनेसारखीच हाय." आणि मागे हशा उसळायचा, तो समोरच्या पुरुषांना ऐकू जायचा. पुढे पाच मिनिटं राक्षस काय करतो ते कोणी पाहत नसे.

मी मात्र तिथे कामाला बसलेली होते. कारण सांगते.

त्या वर्षी आम्ही दोघी मॅट्रिकला होतो आणि वर्गात मुली आम्ही दोघीच. दिवाळीनंतर हेडमास्तरांनी आम्हांला खोलीत बोलावलं. मुंबईच्या एका रुग्णालयाची मेट्रन, म्हणजे नर्सांची मुख्य, त्यांच्या ओळखीची होती. आमच्या शाळेतली एक मुलगी नर्सिंग शिकायला घ्यायला ती तयार होती. एकच. परीक्षा झाली की दोघींनी मुंबईला जाऊन तिला भेटायचं, बोलणं इंग्रजीत होईल, ती निवड करेल. आमच्या वेळी इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं आणि मास्तर ते मराठीतून शिकवायचे. वाचता यायचं, लिहिता थोडंफार यायचं. बोलायची वेळ कधी आलीच नव्हती.

मला नर्स व्हायचं होतं. देवी टोचायला आमच्या शाळेत एक नर्स आली होती. तिने पेटी उघडली तेव्हा मी जवळच उभी होते. आत प्रत्येक वस्तूला स्वतःचा खण होता, कापूस कापसाच्या जागी, सुया सुयांच्या जागी, आणि काम संपल्यावर प्रत्येक वस्तू न शोधता आपल्या खणात परत गेली. आमच्या घरात उलथनंसुद्धा रोज नव्या जागी सापडे. त्या पेटीशेजारी आयुष्य काढायचं हे मी तेव्हाच ठरवून टाकलं. नाही जमलं तर म्हसळ्याकडचं एक स्थळ तयार होतं. भातशेती चांगली, माणसं भली, मुलाबद्दलही माझं काही म्हणणं नव्हतं. पण वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मुंबईचं झालं तर झालं. न्हाय झालं तर त्यांना होकार कळवायचा."

चुलत बहिणीला कसलीच घाई नव्हती. तिला विचारलं तर म्हणायची, "मुंबईला जायला मिळंल म्हणून जाते. न्हायतर बाबा बघतीलच काहीतरी." जिला गरज नाही तिच्याकडे खुर्ची होती, आणि मला त्याचाच राग यायचा.

मी हेडमास्तरांकडून डिक्शनरी मागून आणली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. वडील मिठागरावरचे जुने हजेरीचे कागद आणत, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी शब्द लिहून काढी. महिन्याभरात लक्षात आलं की मला शब्द येतात आणि एकही वाक्य बोलता येत नाही. ते वाक्य तंबूत मिळालं. विज्ञानाच्या सिनेमात एक म्हातारा शास्त्रज्ञ असतोच. त्याच्यासमोर लष्कराचा एक अधिकारी असतो आणि त्याला काही म्हणजे काही कळत नाही. मग शास्त्रज्ञ फळ्यावर काढून, काठीने दाखवून, सावकाश, दोनदा सांगतो. आमच्या मास्तरांनी इतक्या धीराने कधी शिकवलं नाही. मी त्या अधिकाऱ्याची फार आभारी आहे. तो जितका मठ्ठ, तितकं माझं इंग्रजी सुधारलं.

मी मथळे पाडले. धोका, यंत्रं, शरीर, हुकूम, रीती. ऑक्सिजन हा शब्द डिक्शनरीत वाचला तेव्हा कोरडाच राहिला होता. काचेचा टोप काढलेला माणूस दुसऱ्या ग्रहावर गुडघ्यांवर कोसळला आणि मित्र त्याला हाच शब्द ओरडून सांगत धावला, तेव्हा तो 'शरीर'खाली पक्का बसला. सिग्नल, लॅबोरेटरी, टेंपरेचर, इमर्जन्सी हे सगळे असेच आले. चुकाही झाल्या. 'इम्पॉसिबल' म्हणजे 'आता लवकरच होणार आहे' असं मी लिहून ठेवलं होतं, कारण शास्त्रज्ञ तो शब्द उच्चारायचा आणि पुढच्याच क्षणी ती गोष्ट व्हायची. हे मी एकाच नव्हे, सगळ्या सिनेमांत पडताळून पाहिलं होतं. डिक्शनरीत त्या अक्षरापर्यंत पोहोचले तेव्हा खोडलं.

पडद्यावरची इंग्रजी अक्षरं आम्हांला मागून उलटी दिसत. त्याचाही मी बंदोबस्त केला. घरी पाटीवर लिहून ती आरशासमोर धरायची आणि उलटं वाचायचा सराव करायचा. थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेच्या दारावरची पाटी मी मागून बघूनही सरळ वाचायला लागले. याचा मला अभिमान होता.

अडचण एकच होती, ऐकण्याची. कर्णा पुढच्या बाजूला, आम्ही मागे, आणि मध्ये बायकांच्या गप्पा. शास्त्रज्ञ ग्रहाचं अंतर सांगायला लागला की नेमकी कोणीतरी कोलंबीचं कालवण कसं बिघडलं ते सांगायला घ्यायची. मी "गप बसा" म्हटलं की उत्तर यायचं, "बाय, तो काय आपल्याला बोलवतोय काय? राक्षस आला की सांग."

आणि सकाळी विहिरीवर माझी चुलत बहीण यायची. पोहरा सोडताना म्हणायची, "स्टँड बॅक." दोर ओढताना, "देअर इज नो टाइम." कळशी कमरेवर घेऊन निघताना मागे वळून, अगदी त्या पांढऱ्या कोटाच्या बाईसारखी मान करून, "डोन्ट टच इट." काकूने भांडी घासायला सांगितली की "इम्पॉसिबल." तिला अर्थ विचारला तर धड सांगता येत नसे. पण वाक्य अख्खं, चढउतारासकट, जसं पडद्यातून बाहेर पडलं तसं तिच्या तोंडी बसलेलं. ती काही लिहीत नव्हती, पाठ करत नव्हती, खुर्चीवर पाय हलवत बसत होती आणि कर्णा तिच्या कानापासून हाताच्या अंतरावर होता. मी कागदच्या कागद भरत होते आणि माझ्या तोंडून विहिरीवर एक साधं वाक्य निघत नव्हतं. कळशी भरून घरी जाईपर्यंत माझा जीव जळायचा.

एकदा मी विचारलंच. "एक दिवस तू मागं बस, मी खुर्चीवर बसते. फक्त इंग्रजी खेळाला."

ती लगेच म्हणाली, "बस की. बाबांना विचारते." तिला खुर्चीचं काही वाटत नव्हतं, हे आणखी वाईट. दुसऱ्या दिवशी निरोप घेऊन आली. "बाबा म्हणाले, खुर्ची घरची हाय. आज तू बसलीस तर उद्या गावातला जो तो मागंल."

"मी घरची न्हाय?"

"मी कुठं म्हणते? बाबा म्हणतात." मग माझा चेहरा पाहून ती म्हणाली, "तुला जे ऐकू येत न्हाय ते मी सांगीन. काय सांगू बोल."

मी म्हटलं, काही नको.

ऐकू येत नाही तर निदान पाहून घ्यावं म्हणून मी 'रीती' या मथळ्यावर जोर दिला. साहेबलोक कसे उठतात, टोपी कधी काढतात, बाई खोलीत आली की काय करतात. ते भेटल्यावर शेकहँड करतात आणि डाव्या हाताने करतात, हे माझ्या फार लवकर लक्षात आलं. सलामही डाव्या हाताने. मला त्याचं नवल वाटलं नाही. मास्तरांनी वर्गात सांगितलं होतं की साहेब डाव्या हातात काटा धरून जेवतो. डाव्या हाताने जेवणारा माणूस डाव्या हातानेच शेकहँड करणार. मी ते लिहिलं, खाली रेघ मारली, आणि ओसरीच्या खांबासमोर उभं राहून डावा हात सहज पुढे करायची सवय केली. आपल्याला जन्मापासून उलटं वळण, त्यामुळे सराव लागतो.

परीक्षा झाली आणि काका आम्हांला घेऊन निघाले. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलो, तिथून रुग्णालय. मेट्रनबाई अँग्लो-इंडियन होत्या. त्यांना मराठी कळे, पण त्या बोलत नसत. त्यांच्या खोलीत जमिनीवर एक गालिचा होता आणि टेबलावर प्रत्येक गोष्ट काटकोनात ठेवलेली होती. ते टेबल पाहून मला वाटलं, ही बाई मलाच घेणार. काका बाहेर बाकावर बसले. आम्ही आत गेल्याबरोबर मी पुढे झाले, गुड मॉर्निंग म्हटलं आणि हात पुढे केला. डावा.

मेट्रनबाईंनी क्षणभर त्या हाताकडे पाहिलं. मग हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि स्वतःचा डावा हात पुढे करून माझा हात धरला. माझी सगळी धास्ती गेली. मागोमाग चुलत बहिणीने उजवा हात पुढे केला. मी मनात म्हटलं, संपलं हिचं. एवढं खुर्चीवर बसून हिने काय पाहिलं?

प्रश्न सुरू झाले. माझ्या वाट्याला अर्थ विचारायचे प्रश्न आले आणि मी एकही चुकले नाही. अँटिसेप्टिक, बँडेज, कॉलरा, डिक्शनरीतली सुरुवातीची पानं माझी पक्की होती. चुलत बहीण दोन शब्दांना अडली आणि हसली. मग मेट्रनबाईंनी गालिच्याकडे बोट केलं. समजा, एक रोगी आत्ता इथे कोसळला आहे. काय म्हणाल?

मी उभी राहिले. मनात क्रम लावला आणि म्हटलं की प्रथम मी त्याची नाडी पाहीन, दुसरं म्हणजे त्याचे कपडे सैल करीन, तिसरं म्हणजे डॉक्टरांना कळवीन. व्याकरण बरोबर होतं. मेट्रनबाईंनी मान डोलावली.

चुलत बहीण खुर्चीवरून उठली ती थेट गालिच्यापाशी गेली आणि गुडघे टेकून बसली. हात आडवा धरून आम्हां दोघींना मागे सारलं. "स्टँड बॅक. गिव्ह हिम एअर." खाली वाकली, कान लावला. "ही इज ब्रीदिंग." मग मान वर करून माझ्याकडे बघत, "कॉल द डॉक्टर. देअर इज नो टाइम." मी खरोखरच दाराकडे दोन पावलं गेले. तिचं तेवढ्याने भागलं नाही. तिने दाराकडे बोट रोखलं आणि म्हणाली, "नोबडी मस्ट लीव्ह धिस रूम."

मेट्रनबाई इतक्या हसल्या की त्यांना रुमाल काढावा लागला.

परतीच्या लाँचवर काका टपाखाली बसून पेंगत होते. आम्ही दोघी कठड्याजवळ. मुंबईचा धक्का मागे पडला. ती म्हणाली, "एक विचारू? तू डावा हात का दिलास गो?"

"तू उजवा का दिलास?"

"म्हंजे? मग कुठला देणार?"

"साहेबलोक डावाच देतात," मी म्हटलं. "एवढे सिनेमे बघितलेस, डोळे मिटून बसतेस काय?"

"कुठले साहेब डावा देतात?"

"सगळे. तो म्हातारा, तो लष्करातला, सगळेच. सलामसुद्धा डाव्या हाताने. मेट्रनबाईंनी काय केलं? डावाच दिला ना?"

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिचे गाल फुगले, तिने पदराने तोंड दाबलं आणि तरीही हसू फुटलंच. "अगो, तू मागं बसतेस," ती म्हणाली. "तू मागं बसतेस."

मला अजून कळलं नव्हतं. तिने माझे दोन्ही खांदे धरले आणि मला गर्रकन वळवलं, जणू मी म्हणजे तो पडदा. तेव्हा कळलं. अक्षरं उलटी आहेत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पदर उलटा आहे हे तर अडाणी म्हाताऱ्यांनाही माहीत होतं. त्या इंग्रजी बायांना पदर नव्हता म्हणून मी फसले. मग एकेक गोष्ट आठवू लागली. उजव्या मनगटावरची घड्याळं, मोटार हाकणारा माणूस कोणत्या बाजूला बसतो ते, 'रीती'खाली नीट अक्षरात लिहिलेलं सगळंच्या सगळं. आणि मेट्रनबाईंनी डावा हात का दिला तेही. एका खेडवळ मुलीची फजिती होऊ नये म्हणून दिला होता.

तिचं हसणं रेवस दिसू लागेपर्यंत थांबत थांबत चालू होतं. मग तिने पाहिलं की मी हसत नाहीये. "मेट्रनबाईंना मी लिहून कळवू?" ती म्हणाली. "सांगते, आमच्याकडं बायका मागं बसतात म्हणून असं झालं."

"काही कळवू नकोस. आणि गावात एक शब्द बोललीस तर बघ."

ती बोलली नाही. हे मला मान्य केलं पाहिजे.

पत्र हेडमास्तरांकडे आलं. चुलत बहिणीला घेतलं होतं. माझ्याबद्दल लिहिलं होतं की दुसरी मुलगी व्यवस्थित आणि दक्ष आहे, पण बोलताना कचरते. इच्छा राहिली तर पुढच्या वर्षी तिने पुन्हा यावं. डाव्या हाताचा उल्लेख नव्हता. हेडमास्तर म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस, तुझी स्तुतीच आहे." मला स्तुती नको होती, जागा हवी होती. पावसाने लाँच बंद व्हायच्या आधी ती ट्रंक घेऊन गेली. तिला पोहोचवायला अर्धं गाव धक्क्यावर आलं होतं. मी ट्रंकेला दोरी बांधून दिली, कारण काकूने बांधलेली गाठ मुंबईपर्यंत टिकली नसती.

म्हसळ्याच्या स्थळाचं काय करायचं हा प्रश्न घरात उभा राहिला. मी वडिलांना ते पत्र मराठीत वाचून दाखवलं आणि 'पुढच्या वर्षी' या शब्दांवर बोट ठेवलं. आई म्हणाली, "एक वर्ष थांबली तर काय पोर पडून ऱ्हायची न्हाय." शेवटी वडिलांनी एक वर्ष दिलं. त्या मुलाचं लग्न त्याच मोसमात बोर्ली पंचतनच्या मुलीशी झालं. म्हणजे आता मला परतायला रस्ताही उरला नव्हता.

भात निघालं, तंबू आला. पहिल्याच इंग्रजी खेळाच्या दिवशी काकांनी निरोप पाठवला. "बायला म्हणावं, खुर्ची मोकळी हाय. तू ये बसायला."

गेल्या वर्षी घरची नसलेली मी आता घरची झाले होते. जायचं नाही असं मी ठरवलं आणि गेले. खुर्चीची एक पट्टी निखळलेली होती, ती पाठीला टोचायची. पण आवाज! प्रत्येक शब्द कानात सरळ उतरत होता. पडद्यावरच्या माणसांनी हात मिळवले, उजवे. मी मान खाली घातली. काकांना वाटलं मी राक्षसाला घाबरले. "भिऊ नको," ते म्हणाले, "खोटा हाय तो."

काकांच्या शेजारी ताठ बसावं लागे. शेंगा खायच्या नाहीत, पाय वर घ्यायचे नाहीत, भोंगेवाल्याच्या कथेवर हसायचं नाही, कारण तो काकांना सलाम करून कथा सुरू करायचा. पडद्यामागून हशा यायचा आणि तो कशावर आहे ते मला कळत नसे. एकदा मागून हाकही आली, "काय गो बाय, साहेबीण झालीस काय? मागं ये, वाल उकडून आणल्यात." पुरुष माझ्याकडे बघून हसले. मला त्या मागच्या बायकांचाही हेवा वाटू लागला. हेवा करायला माझ्याजवळ काहीतरी सदैव शिल्लक असे.

नाताळात चुलत बहीण रजेवर आली. छातीवर टाचायचं घड्याळ, पांढरे बूट, केसांचा घट्ट अंबाडा. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तर तिने ते काढून माझ्याच हातात दिलं. बोलता बोलता म्हणाली, "मी एकदाही मागं बसले न्हाय. तुम्ही सगळ्या हसायच्यात ते ऐकू यायचं. मला वाटायचं, हे सगळं मजेचं तिकडंच हाय."

हे तिने खुर्ची सोडल्यावर सांगितलं. खुर्चीत बसलेली असताना सांगायला काय झालं होतं? मी तिला तसं विचारलंही. ती म्हणाली, "तू काही नको म्हणालीस." तेही खरंच होतं, पण त्याने माझं समाधान झालं नाही.

मी तिला कामाला लावलं. रजा असेपर्यंत ती मेट्रनबाई आणि मी मी. विहिरीवर, अंगणात, वालाच्या शेंगा निवडताना. क्रम लावून बोलायचं नाही, आधी तोंड उघडायचं, अशी तिने अट घातली. मी चुकले की म्हणायची, "रोगी मेला. पुढचा आण." त्या रजेत माझ्या हातून गावातले बरेच रोगी दगावले, पण शेवटी शेवटी वाचूही लागले. ती गेल्यावर मी खुर्चीवर बसून ऐकलेलं प्रत्येक वाक्य घरी येताना रस्त्यावर मोठ्याने म्हणत यायची. समोरून येणारी माणसं बाजूला होत. वाक्य बहुतेक "स्टँड बॅक" असे, त्यामुळे ते योग्यच होतं.

दुसऱ्या वर्षी मी पुन्हा त्या खोलीत गेले. टेबल तसंच काटकोनात. मेट्रनबाईंनी मान वर केली, मला ओळखलं, आणि हसून डावा हात पुढे केला. गेल्या वर्षीच्या साऱ्या मुलींमधून त्यांना मी आठवत होते ती डावखुरी म्हणून.

मी उजवा हात पुढे केला. त्यांनी भुवया उंचावल्या आणि विचारलं, गेल्या वर्षी तर तू दुसरा हात दिला होतास? माझ्या मनात क्रम लागायला लागला होता, प्रथम, दुसरं, तिसरं. मी तो लागू दिला नाही. गेल्याच आठवड्यात त्या शास्त्रज्ञाने अधिकाऱ्याला फळ्यासमोर सांगितलेलं वाक्य जवळ होतं, तेच उचललं. "द सिग्नल वॉज रिव्हर्स्ड, मॅडम," मी म्हटलं. "नाऊ वी हॅव करेक्टेड इट."

त्यांनी पुन्हा रुमाल काढला. मग मी त्यांना पडद्याचं, पाण्याच्या बादलीचं, मागे बसणाऱ्या बायकांचं सगळं सांगितलं, मोडक्या इंग्रजीत, पण न थांबता. मला घेतलं.

तेव्हापासून आम्ही दोघी त्याच रुग्णालयात आहोत. ती माझ्याहून एका वर्षाने सीनियर. तिला बढतीची फीत माझ्या आधी एक वर्ष मिळाली, वॉर्ड एक वर्ष आधी मिळाला, आणि आता मेट्रनची खोलीही तिलाच मिळाली आहे. माझ्या अंगी तिच्याहून शिस्त जास्त आहे, हे तीसुद्धा चारचौघांत सांगते. पण सीनियॉरिटी शिस्तीवर लागत नाही. सर्व वॉर्डांच्या ड्युटीचा तक्ता मी करते, कारण दुसऱ्या कोणाला तो जमत नाही, आणि त्यात सर्वांत वर तिचं नाव लिहावं लागतं. एकदा मी नावं अक्षरक्रमाने लावून पाहिली. आडनाव आमचं एकच, त्यामुळे पहिलं नाव पाहावं लागलं, आणि त्यातही तीच आधी आली.

तक्ता तयार झाला की सहीसाठी मी तिच्या खोलीत नेते. खोलीत गालिचा तोच आहे, जरा विरलेला. टेबलावर पसारा असतो. ती खुर्चीत बसलेली असते, चष्मा कपाळावर, पाय हलवत. मी कागद पुढे करते. ती माझ्याकडे बघते, चेहरा अगदी गंभीर ठेवते, आणि तो घ्यायला डावा हात पुढे करते.